स्वमग्नतेवरील (ऑटिझमवरील) संशोधनासाठी शासकीय अनुदान : ग्रामीण विदर्भातील संशोधकांसाठी मार्गदर्शन

हा लेख जिल्ह्याच्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग, मनोविकार किंवा जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात काम करणाऱ्या शिक्षकांसाठी आहे. त्याचप्रमाणे विद्यापीठातील मानसशास्त्राच्या प्राध्यापकांसाठी आणि ज्यांच्याकडे लेकरे रोज येतात पण ज्यांनी आजवर एकही संशोधन प्रस्ताव लिहिलेला नाही, अशा संस्थांसाठीही तो लिहिला आहे. मी गेली काही वर्षे अशाच एका महाविद्यालयाच्या संशोधन कक्षात प्रस्ताव तपासण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. नाकारल्या गेलेल्या प्रस्तावांवरचे शेरे वाचून माझे एक मत पक्के झाले आहे. आपले प्रस्ताव विषय लहान म्हणून क्वचितच पडतात. प्रश्न आवाक्याबाहेरचा असतो आणि कागदपत्रे अपुरी असतात, म्हणून ते बहुतेक वेळा पडतात.

पैसा कोणाकडे आहे

अमेरिकेत २००६ साली स्वमग्नतेसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्याखाली संशोधनाचा पैसा त्या नावाने वेगळा काढला जाऊ लागला. आपल्याकडे तसा राखीव निधी शोधत बसण्यात वेळ घालवू नये. आपला प्रस्ताव बालआरोग्य, मानसिक आरोग्य, मज्जाविज्ञान, दिव्यांगत्व किंवा सहायक तंत्रज्ञान यांपैकी एखाद्या शीर्षाखाली जातो. प्रश्नाचे स्वरूप पाहून दार निवडावे लागते.

आरोग्यसेवा, निदान, उपचार किंवा रोगभार याविषयीचा प्रश्न असेल तर पहिले दार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे. प्रस्ताव मागवणाऱ्या अलीकडच्या आवाहनांमध्ये संशोधकाने स्वतः सुचवलेल्या विषयांसाठी दोन गट दिसतात. लहान अनुदानाची मर्यादा २ कोटी रुपयांपर्यंत आहे, तर मध्यम अनुदान २ ते ८ कोटी रुपयांचे असून ते अनेक विद्याशाखांच्या संयुक्त चमूसाठी असते. पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्याने लहान गटातच राहावे, आणि त्यातही मर्यादेच्या बरेच खाली राहावे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी याच परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांच्या त्या कामातून मिळालेली आकडेवारी पुढे मोठ्या प्रस्तावात ‘प्राथमिक निष्कर्ष’ म्हणून फार उपयोगी पडते, आणि हा मार्ग आपल्याकडे विनाकारण दुर्लक्षित राहिलेला आहे.

मेंदूची जडणघडण, भाषा, लक्ष यांवरचा मूलभूत अभ्यास असेल तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा २००८ मध्ये सुरू झालेला संज्ञानात्मक विज्ञान उपक्रम पाहावा. त्याच विभागात दिव्यांग व वृद्धांसाठी तंत्रज्ञान विकसित करणारा कार्यक्रमही आहे. न बोलणाऱ्या लेकरासाठी वऱ्हाडी किंवा गोंडी आवाजातले चित्रफलक बनवण्याची कल्पना कोणाकडे असेल, तर ती तिथे शोभेल. पूर्वीच्या ‘सर्ब’ची (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची) जागा आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने घेतली आहे, त्यामुळे जुन्या योजनांची नावे पाहून अर्ज भरू नयेत. जनुकीय अभ्यासासाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि कुटुंबाचा खर्च, कलंक, शाळाप्रवेश अशा सामाजिक प्रश्नांसाठी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद हे मार्ग आहेत. राज्य पातळीवर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची छोटी अनुदाने लक्षात ठेवावीत. रक्कम थोडी असते, पण पहिला प्रकल्प हिशेबासह पूर्ण केल्याची नोंद त्यातून मिळते.

पात्रता आधी पाहावी

मुख्य संशोधक हा साधारणपणे संस्थेचा नियमित कर्मचारी असावा लागतो आणि प्रकल्पाचा कालावधी संपेपर्यंत त्याची सेवा शिल्लक असावी लागते. कंत्राटी सहायक प्राध्यापकाने कितीही चांगला प्रस्ताव लिहिला तरी अनेक योजनांत त्याला सहसंशोधक म्हणूनच यावे लागते. खासगी किंवा स्वयंसेवी संस्थेला नीती आयोगाच्या दर्पण संकेतस्थळावरील नोंदणी लागते. बऱ्याच ठिकाणी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची ‘सायरो’ (संशोधन संस्था म्हणून) मान्यताही मागितली जाते. ही मान्यता आवाहन निघाल्यावर मिळवायला घेतली, तर ते आवाहन गेलेच म्हणून समजावे. ज्या संस्थेकडे ती नाही तिने नागपूरचे एम्स, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये किंवा १९६९ पासून गावपातळीवर काम करणारे सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय अशा एखाद्या संस्थेशी लेखी करार करून सहभागी संस्था म्हणून अर्जात यावे. करारात कोण काय करणार आणि आकडेवारी कोणाची, या दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात.

प्रश्न निवडणे : इथेच सर्वांत जास्त वेळ घालवावा

माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात प्रस्तावांचे शीर्षक एकाच धाटणीचे असते : ‘अमुक जिल्ह्यातील बालकांमध्ये स्वमग्नतेचे प्रमाण’. हा मोह समजण्यासारखा आहे. आपल्या देशातील २ ते ९ वर्षे वयाच्या मुलांमधील मज्जाविकासाच्या विकारांचा जो मोठा लोकसंख्याधारित अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पलवल, कांगडा, ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद ही पाच ठिकाणे होती. महाराष्ट्रातील एकही ठिकाण त्यात नव्हते. विदर्भाविषयी बोलताना आपण दुसऱ्यांचे आकडे वापरतो, हे खरेच आहे. तरीही पहिल्या प्रस्तावासाठी हा प्रश्न घेऊ नये, असे मी म्हणतो. कारण पुढच्या हिशेबात आहे.

प्रमाण १ टक्का आहे असे गृहीत धरले आणि उत्तर अर्धा टक्का इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने हवे असेल, तर १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरावीक आकडा) चा वर्ग गुणिले ०.०१ गुणिले ०.९९ भागिले ०.००५ चा वर्ग या सूत्राने सुमारे १,५२१ मुले लागतात. आपण मुले घरोघर विखुरलेली न घेता गावांच्या समूहांतून निवडणार असल्यामुळे हा आकडा किमान दीडपट करावा लागतो, म्हणजे २,२८२. दहा टक्के कुटुंबे भेटणार नाहीत किंवा नकार देतील असे धरले की संख्या २,५३५ च्या आसपास जाते. दोन हजार वस्तीच्या गावात २ ते ६ वर्षांची मुले ढोबळमानाने सव्वाशे-दीडशे असतात, तेव्हा वीसेक गावे फिरावी लागतील. एक क्षेत्र अन्वेषक दिवसाला आठ घरे नीट करू शकतो, म्हणून दोघांना सुमारे १६० कामाचे दिवस लागतील. एवढे करून हाती लागणार अंदाजे पंचवीस मुले, आणि त्या प्रत्येकाचे निदान पक्के करण्यासाठी तज्ज्ञ गावात न्यावा लागणार किंवा लेकरू शहरात आणावे लागणार. परीक्षक हा हिशेब स्वतः करून पाहतो, आणि प्रस्तावात ‘५०० बालकांचा नमुना’ लिहिलेला दिसला की पुढचे वाचत नाही.

याउलट ज्याचे उत्तर फक्त आपल्याच भागात मिळू शकते असा प्रश्न घ्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून झाला. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात, आणि विकासातील विलंबाची शंका आलेल्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पथकाने ‘बोलत नाही, नावाला प्रतिसाद देत नाही’ अशी नोंद केलेली किती मुले सहा महिन्यांत त्या केंद्रापर्यंत पोहोचतात आणि जी पोहोचत नाहीत ती कोठे अडतात, हा प्रश्न लहान आहे, मोजता येण्याजोगा आहे आणि त्याच्या उत्तरावर शासनाला काही करता येते. गडचिरोलीतील भामरागडहून किंवा मेळघाटातील धारणीहून जिल्ह्याच्या ठिकाणी जाणे म्हणजे काय, हे दिल्लीतल्या चमूपेक्षा आपल्याला अधिक कळते, आणि प्रस्तावात तेच आपले भांडवल असते.

उपचाराचा प्रश्न घ्यायचा असेल तर गोवा आणि रावळपिंडी येथे झालेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अवश्य वाचावी. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवले, अशी ती ६५ मुलांवरील चाचणी होती. आशा कार्यकर्ती हे काम करू शकेल का, असा पुढचा प्रश्न तिच्यावरून सुचतो. तो मांडताना आशाताईंच्या डोक्यावर आधीच किती नोंदवह्या आहेत, हेही प्रामाणिकपणे लिहावे.

साधने आणि भाषा

साधन निवडताना वयाची चूक सर्रास होते. वीस प्रश्नांची ‘एम-चॅट-आर’ ही चाळणी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. पाच वर्षांच्या मुलाला ती लावली की पद्धतीचा भाग तिथेच बाद होतो. २ ते ९ वर्षांसाठी ‘इन्क्लेन’ या संशोधन-जाळ्याने भारतीय मुलांकरिता तयार केलेले निदान साधन आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली ‘इसा’ ही ४० बाबींची मापनश्रेणी तीव्रता ठरवण्यासाठी आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी वापरली जाते. तिच्यात ७० पेक्षा कमी गुण म्हणजे स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम आणि त्यावर तीव्र अशी विभागणी आहे. परदेशी ‘एडॉस-२’ हे निदानाचे साधन वापरायचे असेल तर संच आणि प्रशिक्षण दोन्ही विकत घ्यावे लागते, आणि तो खर्च अंदाजपत्रकात दाखवावा लागतो.

भाषांतरावर एक अनुभव सांगतो. आमच्या एका अन्वेषिकेने छापील प्रमाण मराठीत एका आईला विचारले, ‘आपले मूल फर्निचर, जिना अशा वस्तूंवर चढते का?’ त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘आमच्या घरी जिनाच नाई जी, लेकरू चढन कशावर?’ अन्वेषिकेने ‘नाही’ या चौकटीत खूण केली. ते लेकरू त्याच वेळी बंडीच्या (बैलगाडीच्या) साटीवर चढून बसले होते. तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावात मी भाषांतर, उलट भाषांतर (पुन्हा मूळ भाषेत आणणे) आणि वीस-पंचवीस पालकांवर पडताळणी यांसाठी दोन महिने धरायला लावतो. पश्चिमेकडे वऱ्हाडी, पूर्वेकडे झाडीबोली, मेळघाटात कोरकू, दक्षिण गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, असा हा प्रदेश आहे. ‘मराठी प्रश्नावली वापरली जाईल’ हे एक वाक्य इथे पुरत नाही.

परवानग्या

प्रस्ताव ऑनलाइन भरण्यापूर्वी किंवा किमान मंजुरीपूर्वी संस्थेच्या एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मान्यता लागते, आणि ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणीकृत असावी लागते. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीबरोबरच ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. पालक निरक्षर असतील तर अंगठ्यासोबत संशोधनाशी संबंध नसलेल्या साक्षीदाराची सही हवी. न बोलणारे मूल ‘नको’ कसे सांगेल, याचे वर्णनही संमतीच्या भागात असावे : ते तोंड फिरवेल, हात झटकेल, रडेल, उठून जाईल, आणि तसे झाले की त्या दिवसाची तपासणी थांबेल.

इथे बहुतेकांच्या नजरेतून सुटणारी एक तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नता आहे. त्याच्या कलम ६ नुसार, दिव्यांग व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून घेतलेली तिची संमती आणि शासनाने नेमलेल्या दिव्यांगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगी, या दोन्हींशिवाय तिच्यावर संशोधन करता येत नाही. या समितीत निम्मे तरी सदस्य स्वतः दिव्यांग किंवा त्यांच्या नोंदणीकृत संघटनांचे असावेत, असेही तेच कलम सांगते. त्यामुळे एथिक्स कमिटीला अर्ज करतानाच पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी पत्र पाठवून पोच घेऊन ठेवावी. त्याच अधिनियमाचे कलम २८ शासनाला पुनर्वसनविषयक संशोधन करण्यास सांगते. प्रस्तावाच्या ‘महत्त्व’ या भागात त्याचा उल्लेख केल्यास बळ येते.

क्षेत्रपातळीवर जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि अंगणवाडीत काम असेल तर महिला व बालविकास विभाग, यांची पत्रे लागतात. पेसा (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) क्षेत्रातील गावांत ग्रामसभेपुढे जाऊन विषय मांडावा, ही माझी आग्रहाची सूचना आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात आणि अभ्यासगट चालतात. अशा गावात ‘आमच्या लेकरांची माहिती घेऊन तुम्ही काय करणार?’ हा प्रश्न येणारच, आणि त्याचे उत्तर देता आले नाही तर परीक्षकापुढेही देता येणार नाही. परदेशी संस्थेचा सहभाग असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता आणखी वेगळी लागते. पहिल्या प्रकल्पात ते टाळलेले बरे.

वेळापत्रक शेतीच्या हंगामानुसार आखावे

प्रस्तावातील कामाचा तक्ता तिमाहीप्रमाणे असतो आणि अनुदानाचे वर्ष एप्रिल ते मार्च असते, पण गाव या दोन्हींप्रमाणे चालत नाही. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी, त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कापसाची वेचणी, मार्च-एप्रिलमध्ये जंगलपट्ट्यात मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता. दिवसभर आई घरी सापडेल असा काळ थोडाच. मेच्या ४५ अंशांत दुपारी कोणी दार उघडत नाही, आणि पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की भामरागडकडची गावे तुटतात. आमच्या अनुभवात वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी सहानंतर आणि इतर वेळी सकाळी नऊच्या आत भेटी ठेवल्या, तर काम होते. हे सगळे तक्त्याखाली चार ओळींत लिहावे. एका परीक्षकाने अशा टिपेवर ‘क्षेत्राची जाण स्पष्ट दिसते’ असा शेरा दिल्याचे मी पाहिले आहे.

अंदाजपत्रक

मनुष्यबळाची पदनामे आणि मानधन अनुदान देणाऱ्या संस्थेच्या चालू तक्त्याप्रमाणेच लिहावे. आपल्या महाविद्यालयाचे दर चालत नाहीत. प्रवासखर्च ‘दरमहा अमुक हजार’ असा गोल लिहू नये. गावे किती, अंतर किती, फेऱ्या किती आणि वाहन कोणते, असा गुणाकार दाखवावा. पालकाला तपासणीसाठी जिल्ह्याला यावे लागले तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी देणे मार्गदर्शक तत्त्वांना मान्य आहे. ती रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवावी आणि एथिक्स कमिटीच्या अर्जातही तीच असावी, कारण दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की शंका निघते.

संगणक, कॅमेरे, वातानुकूलन यंत्र यांची यादी लांबवू नये. त्याऐवजी सापडलेल्या मुलाच्या पुढच्या सोयीसाठी पैसे ठेवावेत. शंका आली, निदान झाले आणि नंतर काय, हा प्रश्न प्रत्येक समिती विचारते. शीघ्र हस्तक्षेप केंद्रातील नोंदणी, दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी मदत आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतील १ लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याचा अर्ज, एवढे तरी प्रकल्पाच्या सामाजिक कार्यकर्त्याने करून द्यावे, आणि ते त्याच्या कामाच्या यादीत लिहिलेले असावे.

मंजुरीनंतर

पैसा हप्त्यांनी येतो. पहिला हप्ता आल्यावर मंजुरीपत्रातील अटी लेखापालासोबत बसून वाचाव्यात, कारण पुढचा हप्ता खर्चाचे विवरण आणि सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र यांवर अवलंबून असतो. अनुदानावर मिळालेले व्याज हे आपले उत्पन्न नसते. ते दाखवावे आणि परत करावे लागते. आमच्या एका प्रकल्पात प्रमाणपत्रात व्याजाची रक्कम दाखवायची राहून गेली. कागद परत आला, दुरुस्त होऊन पुन्हा गेला, आणि तोवर दोन अन्वेषकांचे चार महिन्यांचे मानधन थकले. त्यातल्या एकाने काम सोडले आणि त्याच्यासोबत सहा गावांची ओळखही गेली. एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यात वळवायचा असेल तर आधी लेखी मंजुरी घ्यावी, खरेदी शासनाच्या जेम पोर्टलवरून करावी, आणि ३१ मार्चच्या आधीचे दोन आठवडे मुख्य संशोधकाने रजेवर जाऊ नये.

प्रस्ताव नाकारला गेला तर परीक्षकांचे शेरे मागवून एका तक्त्यात उतरवावेत. डाव्या रकान्यात शेरा, उजवीकडे आपण केलेला बदल आणि तो कोणत्या पानावर आहे. पुढच्या आवाहनात हा तक्ता जोडता येत नसेल तरी तो समोर ठेवूनच लिहावे. आमच्याकडे मंजूर झालेल्या दोन प्रस्तावांपैकी एक तिसऱ्या खेपेला मंजूर झाला, आणि त्याचा प्रश्न पहिल्या खेपेच्या एक तृतीयांश उरला होता.

शेवटची एक ओळ अंदाजपत्रकात आधीच लिहून ठेवावी : ज्या गावांत माहिती गोळा केली तिथे परत जाऊन ग्रामसभेत निष्कर्ष सांगण्याचा प्रवास, एकपानी पत्रकाची छपाई आणि दुभाष्याचे मानधन. अंतिम अहवाल सादर होऊन प्रकल्पाचे खाते बंद झाल्यावर या कामासाठी कोणत्याही शीर्षातून पैसे निघत नाहीत, म्हणून ही भेट शेवटच्या तिमाहीत, खाते चालू असतानाच उरकावी.